बारा नंबर

बिअर पिऊन झाल्यावर समोरचा माणूस 'कशी लागली?' असं विचारतो आणि त्याला खरोखरच उत्तर हवं असतं, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर सांगलीत मला बिअरबद्दल दोनच प्रश्न विचारले गेले होते. एक, 'गार आहे का?' आणि दुसरा, 'वहिनींना काय सांगून आलास?' पहिल्याचं उत्तर बाटलीला हात लावून देता यायचं. दुसऱ्याचं अजून नीट जमलेलं नाही. पण कशी लागली? बिअर ती, बिअरसारखीच लागणार. शिवाय आम्ही ज्या परमिट रूममध्ये बसायचो तिथे बशीत शेंगदाणे आहेत की फुटाणे हे चाचपून ठरवावं लागे, इतका अंधार. बिअरला रंग असतो ही तिथे ऐकीव माहिती होती.

2018 च्या मे महिन्यात आम्ही दोघं पुतण्याकडे बेल्जियमला गेलो. तो लूवनला असतो. तिथलं विद्यापीठ 1425 सालचं, आणि त्याच्या आसपासचे पब पाहता विद्यार्थ्यांना तेव्हापासूनच तहान लागत आली असावी. पुतण्या तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या कुठल्याशा वस्तूवर संशोधन करतो. विमानतळावर पाया पडून उठता उठताच तो म्हणाला, "काका, या खेपेला तुम्हाला बारा नंबर पाजल्याशिवाय सोडत नाही."

आपल्याकडे लोकांचे बारा वाजतात, माल बाराच्या भावात जातो, इरसाल माणूस बारा गावचं पाणी प्यालेला असतो. बारा नंबर पितात हे नवीन होतं.

पुतण्याने गाडीतच सगळं सांगितलं. पश्चिमेला, फ्रान्सच्या हद्दीजवळ, वेस्टफ्लेटरन नावाचं खेडं आहे. तिथे सेंट सिक्स्टसचा मठ आहे, 1831 साली स्थापन झालेला. मठातले ट्रापिस्ट पंथाचे साधू स्वतः बिअर करतात. त्यांची सगळ्यात काळी आणि सगळ्यात जहाल ती बारा नंबर. बारा म्हणजे बारा टक्के दारू नव्हे. आंबवायच्या आधी धान्याचा काढा किती दाट होता, ते सांगणारं ते जुनं बेल्जियन माप. दारू त्यात 10.2 टक्के. आपल्याकडे छाती काढून 'स्ट्राँग' म्हणवणारी बिअरही आठ टक्क्यांपाशी दम टाकते.

बायको मागच्या सीटवर डुलक्या घेत होती. 'मठ' हा शब्द ऐकून ती ताठ बसली.

"मठात बिअर?"

"हो काकू."

"आणि साधूच करतात?"

"त्यांचा नियमच आहे तसा. हाताने कष्ट करायचे आणि त्यावर पोट भरायचं."

"म्हणजे हातभट्टी," बायको म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

तिचं फारसं चुकलं नव्हतं. पुढे एकेक लक्षण कळत गेलं. बाटलीवर लेबल नाही. काय ओळखायचं ते झाकणाच्या रंगावरून. बारा नंबरचं झाकण पिवळं. जाहिरात नाही, दुकानात माल नाही. आधी फोन करायचा, गाडीचा नंबर सांगायचा, मग दिलेल्या दिवशी दिलेल्या वेळी मठाच्या दारात गाडी लावायची. माल डिकीत टाकून निघायचं, आणि पुढे कुणाला विकायचा नाही. एकदा नेलात की त्या गाडीला आणि त्या फोनला साठ दिवस पुन्हा मिळणार नाही. हे एवढं आमच्या भागातल्या एखाद्या जुन्या फौजदाराच्या कानावर गेलं असतं, तर त्याने वॉरंटची वाट पाहिली नसती.

एवढं असूनही जगातल्या दर्दी लोकांनी या बिअरला सर्वोत्तम ठरवून टाकलेलं आहे. साधूंना त्याचा आनंद नाही. मठ चालण्यापुरती बिअर करायची, मागणी वाढली म्हणून जास्त करायची नाही, हे त्यांचं धोरण. मध्यंतरी 1946 पासून 1992 पर्यंत जवळच्याच वाटू गावातल्या एका कारखान्याला त्यांनी आपली बिअर करायचा परवाना दिला होता. मुदत संपली, परवाना परत घेतला. आता आमची कोठेही शाखा नाही. मला या साधूंबद्दल एकदम आपुलकी वाटली. दुपारी एक ते चार विश्रांती घेणाऱ्या कितीतरी मिठाईवाल्यांशी त्यांची नाळ जुळत होती. एकदाच, 2012 च्या डिसेंबरात, त्यांनी बाटल्या खोक्यांत भरून अमेरिकेपर्यंत धाडल्या होत्या, कारण मठाच्या इमारतीचं काम काढलं होतं. आपल्याकडे जीर्णोद्धार निघाला की पावतीपुस्तक फिरतं. तिथे बाटली फिरली.

आता फोन. त्या वर्षी अजून फोनवरच नंबर लावावा लागे. इंटरनेटवरून मागवायची सोय पुढच्या वर्षी, 2019 साली, आली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला लाइन सुरू व्हायची आणि अख्खा देश एकदमच नंबर फिरवायचा. त्या सकाळी पुतण्याने घरातली सगळी माणसं कामाला लावली. तो, सूनबाई, मी, बायको, चार जण चार फोन. गॅसचं सिलिंडर फोनवर नोंदवण्याच्या काळात आम्ही जे सोसलं ते इथे उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं, पण बेल्जियन एंगेज टोनही तेवढाच थंड आहे. पाऊण तास गेला. सूनबाईचा अंगठा दुखायला लागला. बायकोने मधेच पोह्यांना फोडणी दिली. आणि अचानक माझ्या फोनमधून एक गंभीर पुरुषी आवाज आला.

माझं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आवाजाने फ्लेमिशमध्ये काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "हॅलो, कोण बोलतंय?" मराठीत. आवाज थबकला, मग इंग्रजीत वळला आणि त्याने गाडीचा नंबर विचारला. मी खड्या आवाजात सांगायला सुरुवात केली, "एमएच दहा..." आणि माझ्या स्कूटरचा नंबर पुरा केला. पुतण्याने झडप घातली नसती तर आज सेंट सिक्स्टसच्या वहीत सांगली आरटीओची नोंद झाली असती आणि मला वेस्टफ्लेटरनपर्यंत स्कूटरने जावं लागलं असतं.

मधल्या आठवड्यात पुतण्याने माझी 'तयारी' करून घ्यायचं मनावर घेतलं. ब्रुजला नेलं. तिथल्या गावातल्या ब्रुअरीने 2016 साली रस्त्यांच्या पोटातून तीन किलोमीटरहून लांब नळ टाकला आहे. ब्रुअरीत बिअर तयार होते आणि नळातून गावाबाहेर, बाटल्या भरायच्या कारखान्यात जाते. मी थक्क होऊन रस्त्याकडे बघत राहिलो. बायकोने एकच प्रश्न विचारला. "किती वाजता येते?"

मग गेंटला नेलं. बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरचा वेगळा ग्लास असतो, म्हणजे आकारच वेगळा, आणि आपला ग्लास नसेल तर काही पबवाले बिअर द्यायला का कू करतात. गेंटच्या शुक्रवार-बाजाराच्या चौकातल्या एका पबात लिटरभराहून मोठा, लाकडी घोडीवर उभा राहणारा ग्लास मिळतो. लोक तो पळवतात, म्हणून अनामत घेतात. अनामत म्हणजे तुमच्या पायातला एक बूट. तो टोपलीत घालून टोपली वर छताला टांगतात. पुतण्याने हे मला मागवून झाल्यावर सांगितलं. मी बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. गावाहून निघताना बायकोने दोनदा सांगितलं होतं, "ते मोजे टाका." ती काही बोलली नाही. नुसती माझ्या अंगठ्याकडे आणि मग वर टोपलीकडे बघत राहिली. त्या बिअरची चव विचाराल तर मला काहीही आठवत नाही. लिटरभर बिअर मी एक पाय दुसऱ्या पायाखाली लपवून प्यालो.

ठरल्या दिवशी मठाकडे निघालो. लूवनहून दोन तासांचा रस्ता. पोपरिंगेच्या बाजूला हॉप्सचे मळे लागतात. उंच खांब, त्यांना तारा, आणि तारांवर नुकते चढू लागलेले वेल. बायको तासगावची. तिच्या वडिलांचा द्राक्षमळा होता. ती खिडकीला नाक लावून मांडव तपासत होती. "बांधणी चांगली आहे," असा शेरा आला.

मठात जायचं म्हणून ती सकाळी उठून न्हाली होती. पर्समध्ये खडीसाखरेची पुडी होती. मी म्हटलं, "अगं, तिथे प्रसादबिसाद चालत नाही." ती म्हणाली, "रिकाम्या हाताने मठात जातात का कोणी?"

मठाच्या दाराशी गाड्यांची शिस्तीत रांग होती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. कुणी कुणाला 'साहेब, आमचं जरा आधी' म्हणत नव्हतं. नंबर तपासला, चोवीस बाटल्यांचा लाकडी क्रेट डिकीत आला, खेळ खलास. दर्शन नाही, तीर्थ तेवढं पार्सल. बायकोने काच खाली केली आणि क्रेट उचलून देणाऱ्या माणसाच्या हातावर खडीसाखरेचे चार खडे ठेवले. तो साधू नव्हता, कामाचा माणूस होता. त्याने खडा उजेडात धरला, हसला आणि म्हणाला, "कांदेइ!"

"काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

पुतण्याने गाडी बाजूला घेऊन समजावलं. खडीसाखरेला त्यांच्या भाषेत कांदेइ म्हणतात. बेल्जियमच्या या जहाल बिअरींत ती किंवा तिचा पाक घालायची जुनी पद्धत आहे, आणि काळ्या बिअरींचा रंग पुष्कळदा त्या करपवलेल्या पाकाचा असतो. वर त्याने हेही सांगितलं की युरोपातला हा शब्द अरबी-फारसीतून फिरत गेलेला आपला 'खंड'च आहे.

"म्हणजे मी बरोबर तेच आणलं," बायको म्हणाली. त्यानंतर परतीच्या दोन तासांत तिने हे वाक्य किती वेळा म्हटलं ते मोजायला मी विसरलो.

खरा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. पुतण्याने एका गृहस्थांना बोलावलं होतं. मूळचे पार्ल्याचे, पंधरा वर्षं ब्रुसेल्समध्ये. त्यांना आपण रसिकराज म्हणू. रसिकराज प्यालेल्या प्रत्येक बिअरची नोंद करतात. वहीत पाच रकाने: रूप, गंध, चव, तोंडात कशी भरते, आणि एकूण गुण. दीड हजारावर नोंदी झालेल्या. मी बँकेत पस्तीस वर्षं खतावण्या पाहिल्या, पण इतकं सुबक अक्षर आणि इतका निर्विकार चेहरा फक्त ऑडिटरांचा पाहिला होता.

माझ्याकडून पहिली चूक त्यांच्या येण्याआधीच झाली होती. पाहुणे येणार म्हणून मी दुपारी तीन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. गार बिअर हा पाहुणचाराचा पाया आहे असं आम्हाला शिकवलेलं. रसिकराजांनी बाटलीला बोट लावलं आणि विंचू चावल्यासारखं मागे घेतलं.

"फ्रीजर?"

"दोनच तास," मी म्हणालो.

"ही 12 अंशांच्या खाली प्यायची नसते. गंध मिटून बसतो."

मग गंध उघडेपर्यंत बाटल्यांना ऊब देण्याचं काम मला देण्यात आलं. एक बाटली मांडीवर, दुसरी काखेत, अंगावर सूनबाईची शाल. अंडी उबवणाऱ्या कोंबडीचा चेहरा एवढा सोशिक का असतो ते मला त्या अर्ध्या तासात समजलं. रसिकराज तोवर इतिहास सांगत होते. बेल्जियन बिअर इतकी जहाल का? तर 1919 साली वांडरवेल्डे नावाच्या मंत्र्याने कायदा केला. पबात कडक दारू विकायची नाही. दुकानातून घ्यायची तर एका वेळी निदान दोन लिटर घ्यायची, म्हणजे मजुराला परवडणार नाही आणि तो सुधारेल. मजूर कडक बिअरकडे वळला. मी म्हटलं, आमचा 1949 चा कायदा याहून सरस आहे. त्यात प्यायला परवाना लागतो आणि तो प्रकृती सांभाळण्यासाठी म्हणून मिळतो. रसिकराज पहिल्यांदा हसले. आमच्यात थोडा स्नेह निर्माण झाला, आणि तेवढ्यात मी दुसरी चूक केली.

मांडीवरची बाटली चांगली उबली होती. मी ती दिव्यासमोर धरली, तर तळाशी गाळ. आमच्या घरात तळाशी गाळ असलेल्या काळ्या बाटलीवर एकच सूचना असते. मी ती दोन्ही हातांनी, जोर लावून, दहा-बारा वेळा हलवली आणि झाकण काढलं.

पुतण्याच्या हॉलचं छत पांढरं आहे. होतं. कारंजं उडालं तेव्हा पहिली माझी शाल भिजली, मग वही, मग छत. बाटलीत 330 मिली मावते. त्यातली निम्मी वर गेली. छताचा अभिप्राय कुणी विचारला नाही. रसिकराज रुमालाने वही टिपत शांतपणे म्हणाले, "तो गाळ म्हणजे यीस्ट. बिअर बाटलीतसुद्धा मुरत असते. तो हलवायचा नसतो. तळाशी राहू द्यायचा असतो."

"द्राक्षासवाला हलवतात," मी म्हणालो.

"काय आसव?"

"काही नाही."

तिसरी चूक माझी नव्हती. घरात त्या बिअरचा खास ग्लास एकच होता, पायाचा, रुंद तोंडाचा, देवळातल्या चषकासारखा. तो रसिकराजांना दिला. उरलेल्यांना काय द्यायचं या विचारात सूनबाई असताना बायकोने आपण सांगलीहून आणलेले स्टीलचे पेले मांडले. रसिकराजांनी डोळे मिटले.

"2016 साली युनेस्कोने इथल्या बिअर-संस्कृतीला मानवजातीचा वारसा म्हटलंय, काका. आणि आपण ती स्टीलच्या पेल्यातून?"

"धुतलेले आहेत," बायको म्हणाली.

अखेर सूनबाईने वाइनचे ग्लास काढले आणि ओतणं झालं. रसिकराजांनी बाटली तिरकी धरून अशी काही हळुवार ओतली की मला आमच्या थोरल्या काकूंचं तुपाची धार धरणं आठवलं. गाळ बाटलीतच राहिला. ग्लासात जे उतरलं ते काळं म्हणावं तर काळं नव्हतं. उजेडासमोर धरलं की कडेला तांबूस. वर बदामी रंगाचा दाट फेस. हा रंग मी आयुष्यात पहिल्यांदाच दिव्याच्या उजेडात, कुणाची भीती न बाळगता पाहत होतो. मग मी जुन्या सवयीने एका दमात अर्धा ग्लास संपवला. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"कशी लागली?" रसिकराजांनी पेन उघडलं.

"बरी आहे."

पेन हललं नाही. "म्हणजे कशी?"

"कडू."

"कुठे? जिभेच्या मागे की कडेला? आधी की नंतर?"

कडूला पत्ता असतो हे मला माहीत नव्हतं. "साधारण मध्यभागी," मी म्हणालो. त्यांनी काहीच लिहिलं नाही. मग त्यांनी स्वतः ग्लास फिरवला, नाक आत घातलं, बराच वेळ ते तिथेच राहू दिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "जुनं चामडं. तंबाखू. दमट ग्रंथालय."

पुतण्या लगेच म्हणाला, "हो हो, ग्रंथालय." सूनबाई म्हणाली, "मला थोडं ओलं लाकूड वाटतंय." मी घाबरून पुन्हा घोट घेतला. मला चामडं सापडेना. कोल्हापुरी चपला मी जन्मभर वापरल्या आहेत, पण चाखल्या नाहीत, त्यामुळे तुलनेला आधार नव्हता. सगळे एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत होते आणि मी रिकाम्या हाताने बसलो होतो. शाळेत तोंडी परीक्षेला पुढचा मुलगा भराभरा उत्तरं देत असताना पोटात व्हायचं ते झालं. शेवटी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "मला थोडी छत्री येतेय."

"छत्री?"

"भिजलेली. शाळेच्या वर्गात कोपऱ्यात ठेवलेली."

रसिकराजांनी ते लिहून घेतलं. मी आजवर मारलेल्या थापांपैकी ही एकटीच कागदावर आहे.

बायको या सगळ्यात नव्हती. ती पीत नाही. स्वयंपाकघरातून भजी घेऊन आली, माझा ग्लास टेबलाच्या कडेला होता तो आत सरकवताना तिने सहज वास घेतला, आणि थांबली. पुन्हा घेतला.

"यात काळ्या मनुका आहेत?"

"नाहीत," रसिकराज म्हणाले. "पण..."

"मनुका नाहीत. बेदाणा. पिवळा नव्हे. गंधकाची धुरी न दिलेला, तपकिरी पडलेला. शेडमध्ये जाळीच्या कोपऱ्यात मागे राहतो ना, पाऊस लागला की जरासा आंबतो, तो." ती पुन्हा हुंगली. "आणि काकवी. पण साधी नव्हे. काहिलीच्या कडेला चिकटून करपते, गुळव्या झाऱ्याने खरवडून टाकतो ती. लवंग आहे. लवंग एकच असेल. आणि केळं. सालीला काळे डाग पडलेलं, शिकरणाला घेतो तसं. खारीक आहे का? असेल थोडी. बाई गं, हे म्हणजे द्राक्षासवच आहे!"

हॉलमध्ये शांतता पसरली. रसिकराज भराभरा लिहीत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात सांगितलं की लवंग आणि केळं बिअरमध्ये कुणी घालत नाही; बेल्जियन यीस्ट आंबवताना स्वतःच ते वास तयार करतं. लोक वर्षानुवर्षं हे ओळखायला शिकतात. करपलेला पाक आणि सुका मेवा हा तर अशा बिअरचा मूळ स्वर. त्यांना स्वतःला केळं सापडायला सहा वर्षं लागली होती.

"मला काय कळतंय त्यातलं," बायको म्हणाली. "भजी गार होतायत."

त्यानंतर रसिकराज माझ्याशी फारसे बोलले नाहीत. चामडं, तंबाखू आणि ग्रंथालयाचंही नाव कुणी काढलं नाही. ते दर नव्या ग्लासाला उठून स्वयंपाकघरात जायचे, "काकू, हे जरा..." म्हणायचे, आणि बायको तळणीवरची नजर न काढता हुंगून सांगायची, "आता जरा ज्येष्ठमध वर आलंय." मी हॉलमध्ये पुतण्यासमोर बसून दुसरी बाटली संपवली. चखणा म्हणून शेंगदाणे मागितले, तर सूनबाईने चीजचे तुकडे आणि मोहरीची चटणी ठेवली. दुसऱ्या बाटलीच्या मध्यावर मला एकाएकी सगळं कळायला लागलं. चामडं आलं, ग्रंथालय आलं, ग्रंथालयात बसलेले लोक आले. जिभेवर आधी गोडवा, मग भाजल्याचा कडसरपणा, मग छातीत एक उबदार गोळा, हळूहळू पसरणारा, आणि 10.2 टक्क्यांचा कुठेही ठसका नाही. एवढी जहाल वस्तू इतकी सभ्यपणे आत येते, यातच तिचा कावा आहे. मी एक वाक्य सुरू केलं. फार महत्त्वाचं होतं. मधेच त्याचा उत्तरार्ध कुठे गेला ते कळेना. मी टेबलाखालीसुद्धा बघितलं.

मी पुतण्याकडून वही मागून घेतली आणि माझे अभिप्राय लिहायला बसलो. त्या वेळी माझी खात्री होती की बेल्जियन बिअरवर मराठीत आजवर कुणी असं लिहिलेलं नाही. सकाळी वही उघडून पाहिली. पहिली ओळ: 'अप्रतिम.' दुसरी: 'म्हणजे अप्रतिम कशी, तर'. पुढे अर्धं पान मोडीसारखं काहीतरी. शेवटी ठसठशीत अक्षरात एकच शब्द, 'खिडकी', आणि त्याखाली दोन रेघा. मी त्या घराच्या प्रत्येक खिडकीपाशी उभा राहून पाहिलं. काही उलगडा झाला नाही.

निघताना पुतण्याने दोन बाटल्या बॅगेत घातल्या. "या आणखी मुरतात काका, चार-पाच वर्षं ठेवल्या तरी चालेल." मी त्या कपड्यांत गुंडाळून आणल्या, आणि सांगलीच्या घरात अंधारं, थंड, उभं कपाट एकच आहे, तिथे मागच्या बाजूला ठेवून दिल्या. ते कपाट आईच्या औषधांचं.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. पावसाळ्यात एका दुपारी मी जेवून वामकुक्षीला टेकलो होतो. तिने हाक मारली.

"अरे, हे या वेळचं द्राक्षासव कुठून आणलंस?"

"कुठलं?"

"लेबल नाही बघ, पिवळ्या झाकणाचं. झाकणसुद्धा मेलं किती घट्ट. शेजारच्या पोराकडून काढून घेतलं. आठ दिवस घेतेय. दोन्ही वेळा, जेवणानंतर, दोन-दोन चमचे, तेवढंच पाणी घालून."

मी उठून बसलो. बाटली तिच्या उशाशी होती, निम्मी. तिला मी काय सांगणार? बायको दारात उभी राहून पदराने तोंड दाबत होती. मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं, "कसं लागतंय?"

आईने चमचा चाटला. वही नव्हती, रकाने नव्हते. "आधीच्यापेक्षा बरं आहे," ती म्हणाली. "झोप लागते. गाळ तेवढा खाली बसतो म्हणून मी हलवून घेते. दुसरी बाटली आहे ती झाली की आणखी आण."

मी सांगितलं, त्याला साठ दिवस थांबावं लागतं. तिने दुसऱ्याच दिवशी कालनिर्णयवर पेन्सिलीने खूण केली.